एक घरचा, एक बाहेरचा

इंजिनातला कॅमशाफ्ट जेवणाच्या टेबलावर ठेवू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही, आणि शास्त्रात न लिहिलेली गोष्ट गोपाळकृष्ण पारसनीस मानत नसत. म्हणून ऐन दिवाळीच्या तोंडावर, ज्या टेबलावर चकल्यांचे डबे असायचे तिथे एक सोडून दोन कॅमशाफ्ट आडवे पडले होते. शरयूताई चकल्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तळत होत्या आणि त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. गोपाळरावांना काळजी होती ती याचीच.

दोन्ही दांडे विश्वासरावांचे, म्हणजे शरयूताईंच्या थोरल्या भावाचे. विश्वासराव ग्वाल्हेरातच, थाटीपुरला राहायचे, लग्न केलेलं नव्हतं, आणि लग्नात जेवढी कटकट माणूस सोसतो तेवढी त्यांनी एका जुन्या फियाटमध्ये सोसली होती. शर्यतींसाठी ते तिचं इंजिन सारखं खोलायचे. तीस वर्षं दर भाऊबीजेला ती फियाट दाल बाजारामागच्या या गल्लीत यायची, आणि वळणावर दिसण्याआधी ऐकू यायची. थांबल्या जागी तिचं इंजिन लंगडायचं. ढग-ढग-हं, ढग-ढग-हं. त्यातला तो ‘हं’ कोणी काही विचारल्यासारखा असायचा. तो कानावर पडला की शरयूताई निरांजन लावायच्या, आणि दादा दारात येईपर्यंत ज्योत स्थिर झालेली असायची.

मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी विश्वासराव गेले. ती भाऊबीज सुतकात गेली. यंदाची ही पहिलीच. शेजारच्या मंदाताईंनी रीत सांगितली, की ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शरयूताईंनी ऐकून घेतलं आणि मंदाताई गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, “मी चंद्राला ओवाळणार नाही. दादाची गाडी आणा. तो आवाज आला तर मी गाडीला ओवाळीन. नाही आला तर ताट माळ्यावर टाका, मी पुन्हा काढायची नाही.”

छत्तीस वर्षांच्या संसारात शरयूताईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितल्याचं गोपाळरावांना आठवत नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी थाटीपुरला दौलतसिंहांच्या गॅरेजात गेले. दौलतसिंह म्हणजे विश्वासरावांचे मिस्त्री, मित्र आणि शर्यतीत शेजारी बसणारे. गाडी तिथेच उभी होती, पण तिच्या इंजिनात कॅमशाफ्टच नव्हता. मागच्या सीटवर जुन्या धोतरात गुंडाळलेले दोन दांडे होते आणि विश्वासरावांच्या अक्षरातली एक चिठ्ठी: ‘एक घरचा, एक बाहेरचा.’

“घर का मतलब कंपनी वाला,” दौलतसिंह म्हणाले. “बाहर का मतलब रेस के लिए बाहर से घिसवाया हुआ. कौन-सा कौन है, ये तो भैया ही जानें. और साहब, इंजन एक ही बार खोलूँगा. दिवाली है, मेरे भी घर वाले हैं.”

आता कॅमशाफ्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढच्या अनर्थाची गोडी कळायची नाही. इंजिनाच्या पोटात झडपा असतात. त्या उघडतात, हवा आणि पेट्रोल आत घेतात, धूर बाहेर सोडतात. त्यांना उघडायचं काम हा दांडा करतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे असतात आणि दांडा फिरला की अंड्याचं टोक झडपेला ढकलतं. अंडं सडपातळ असेल तर झडप थोडाच वेळ उघडी राहते आणि गाडी गुणी बाळासारखी चालते. अंडं खांद्याला भरदार असेल तर झडप जास्त वेळ उघडी राहते, गाडी सुसाट पळते, पण उभी असताना लंगडते. म्हणजे ज्या दांड्याची अंडी भरदार, तो बाहेरचा, आणि शरयूताईंचा आवाज त्यातच. मोजलं की झालं.

मोजण्याच्या बाबतीत गोपाळरावांना ग्वाल्हेरात कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. एकतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. मापात पाप शोधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी खाचेच्या दोन ठोकळ्यांवर दांडा ठेवला, बँकेच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची अंश दाखवणारी चकती कापून टोकाला बसवली आणि वर घड्याळासारखी तबकडी असलेलं माप लावलं, जे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं. दांडा पाच-पाच अंश फिरवायचा आणि काटा किती चढला ते लिहायचं.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. वाट लागली ती भाषेपायी. पारसनिसांचे पूर्वज दरबारात फारसी कागदांची मराठी करायचे. दरबार गेला, फारसी गेली, खोड राहिली. गावभर हिंदी बोलून घरी आल्यावर गोपाळराव वही मात्र शुद्ध मराठीत लिहायचे. काटा किती चढतो त्याला त्यांनी ‘उठाव’ म्हटलं, हा शब्द ग्वाल्हेरला अठराशे सत्तावन्नपासून जपून वापरावा लागतो हे ठाऊक असूनही. व्हॉल्व्हला ‘झडप’. झडप बंद झाली म्हणजे ‘लागली’. सिलिंडर लिहिलं तर शरयूताईंना गॅस संपल्यासारखं वाटतं, म्हणून त्याला ‘घर’. इंजिनाला चार सिलिंडर, म्हणून पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर, चौथं घर.

पहिल्या दिवशी दोन्ही दांडे मोजून झाले आणि गोपाळरावांना पहिला धक्का बसला. दोन्ही सारखे होते. थोडेफार सारखे असते तर त्यांनी मनाची समजूत घातली असती, पण आठही उंचवटे, बहात्तर ठिकाणी, शंभराव्या भागापर्यंत सारखे होते. एकाच कारखान्यातल्या एकाच दिवशीच्या दोन दांड्यांतही एवढं साम्य नसतं. त्यांनी एकावर लाल दोरा बांधला, एकावर पांढरा, आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी लाल दोऱ्याचा दांडा तिसऱ्या घराशी बदलला होता. उठाव काल सहा मिलिमीटर वीस होता, आज सहा पस्तीस. लोखंड वाढत नाही. गोपाळरावांनी मापावर संशय घेतला, माप तपासलं, माप निर्दोष होतं. मग त्यांनी स्वतःवर संशय घेतला, जे त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं, आणि चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आले. तिसऱ्या दिवशी सहा साठ. आणि फरक पडायचा तो दुपारी बाराच्या सुमाराला. सकाळी नऊला मोजलं तर कालचाच आकडा, बाराला मोजलं तर नवा. झडप लवकर उघडायला लागली होती आणि उशिरा लागत होती. लाल दोऱ्याचा तो बाहेरचा, असं त्यांनी वहीत लिहिलं. पण जो दांडा मोजणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बाहेरचा होत जातो त्याला काय म्हणावं, यासाठी पारसनीस घराण्याकडे शब्द नव्हता.

नेमक्या त्या दिवशी मंदाताई सोऱ्या परत करायला आल्या. टेबलावर वही उघडी होती. मंदाताई दुसऱ्याची वही वाचत नसत, फक्त नजर टाकत. नजरेला पडलं ते असं:

‘बाहेरचा. तिसऱ्या घरात. दुपारी बाराला उठाव सर्वांत जास्त. झडप रोज लवकर येते आणि सोडायला उशीर करते. जोर वाढत आहे.’

गल्लीत तिसरं घर मंदाताईंचं होतं.

“भाऊजी,” सोऱ्या हातातच धरून त्या म्हणाल्या, “तुम्ही हे कधीपासून देखताय?”

“सोमवारपासून,” गोपाळराव मान वर न करता म्हणाले.

“आणि आम्हाला बताया नाही?”

“तुम्हाला सांगून काय उपयोग? आधी पक्कं मोजू द्या. अजून वाढेल असं दिसतंय.”

मंदाताई सोऱ्या घेऊन तशाच परत गेल्या. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या घराच्या चौकटीला लिंबू-मिरची लागली, आणि पहिलं, दुसरं, चौथं घरही मागे राहिलं नाही. सातव्या घरातले दिग्विजयसिंह पोलिसातून निवृत्त झालेले, मराठी त्यांना कामापुरती यायची. त्यांच्या हिंदीत झडप म्हणजे मारामारी. त्यांनी गोपाळरावांना फाटकाशी गाठून दरडावलं, “पारसनीस जी, तीसरे घर में रोज बारह बजे झड़प हो रही है और आप बैठके नोट कर रहे हैं? किस-किसके बीच? नाम बताइए.”

गोपाळरावांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी सगळ्यांना ओट्यावर जमवून खुलासा केला. खुलासा बिनचूक होता, हेच त्याचं दुर्दैव. “घाबरायचं कारण नाही,” ते म्हणाले. “चारांपैकी फक्त तिसऱ्याच घराची झडप बिघडली आहे. बाहेरचा जो आहे तो एकदा आत नीट बसला की सगळं सुरळीत चालेल. भाऊबीजेच्या आत मी त्याला बसवतोच.”

मंदाताईंनी त्या दिवसापासून दुपारी बारा ते एक माहेरच्या माणसांकडे जायला सुरुवात केली.

शरयूताईंना यातलं काहीच बोचत नव्हतं. त्या रोज विचारायच्या, “ठरलं का, घरचा की बाहेरचा?” आणि गोपाळराव म्हणायचे, “मोजतोय.” चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी निश्चय केला की आज दांड्याला हातच लावायचा नाही, नुसतं बघायचं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते खुर्चीत बसले. पंखा बंद, खिडकी बंद. बारा वाजले. तबकडीवरचा काटा हळूच चढला. उतरला. पुन्हा चढला, उतरला, आणि मग अर्धवट चढून थोडा थांबला. पुठ्ठ्याची चकती दांड्याबरोबर फिरत होती. चढ, उतार, आणि तो थांबा. आवाज कसलाच नव्हता, सांधा कुरकुरतो तेवढाही नाही.

स्वयंपाकघरातून शरयूताईंनी विचारलं, “अहो, दादाची गाडी चालू केलीत का?”

“नाही,” गोपाळराव म्हणाले.

“मग ठीक. मला वाटलं ऐकू आलं.”

काटा शून्यावर आला आणि थांबला. गोपाळरावांनी वही ओढली, तारीख टाकली, आणि एकतीस वर्षांत प्रथमच आकड्याच्या रकान्यात आकडा लिहिला नाही. नोंद टाळणं म्हणजे खोटी नोंद नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

याच धामधुमीत गाडीचे कागद राहिले होते. मृत्युपत्रात गाडी शरयूताईंच्या नावे होती, पण सरकारी पोर्टलवर मालक अजून विश्वासरावच. थाटीपुरला स्मृती नावाची एक मुलगी दुकानात बसून असली ऑनलाइन कामं करून द्यायची. तिनं मृत्यूचा दाखला चढवला, बाकी सगळं चढवलं आणि म्हणाली, “अंकल, अब ओटीपी जाएगा. पुराने मालिक के मोबाइल पर.”

“ते वारले,” गोपाळराव म्हणाले. “दाखला तुम्हीच आत्ता चढवलात.”

“वो तो दिख रहा है अंकल, पर सिस्टम नहीं मानता.”

विश्वासरावांचा मोबाइल गोपाळरावांच्या कपाटात वर्षभर पडून होता, फुटलेला, आतलं कार्ड काढून टाकलेलं. त्यांनी एक अर्ज हिंदीत लिहायला घेतला, ‘महोदय, दिवंगत व्यक्ति ओटीपी देने में असमर्थ है,’ आणि ‘असमर्थ’ पुरेसं आदराचं आहे का याचा विचार करत असतानाच स्मृती म्हणाली, “हो गया अंकल. हरा निशान आ गया. आपने फोन करके डलवा दिया क्या? किसके पास है वो नंबर?”

गोपाळरावांनी तिच्या पडद्याकडे पाहिलं. हिरवी खूण होती. त्यांना काय वाटायला हवं हे त्यांना कळेना. सरकारी काम एका फेरीत झालं, हीच गोष्ट त्यांना जास्त अभद्र वाटली. ते कागद घेऊन घरी आले आणि शरयूताईंना एवढंच म्हणाले की दादांकडून मंजुरी मिळाली. शरयूताईंनी मान हलवली.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी गोपाळराव दोन्ही दांडे पिशवीत घालून गॅरेजात गेले. लाल दोऱ्याचा बसवायचा, हे ठरलं होतं. तो रोज हलत होता, वाढत होता, पण आवाज होता तर त्याच्यातच होता. दौलतसिंहांनी रेडिएटर काढून खाली ठेवला होता, इंजिनाचं तोंड उघडं होतं. त्यांनी दांड्याला तेल लावलं आणि आत सरकवायला घेतला. तो निम्म्यावर अडला.

बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. तिथेच अडला. गोपाळरावांनी आतली भोकं मोजली, दांड्याच्या मानेची मापं घेतली. सगळं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं आणि दांडा मात्र जात नव्हता. आयुष्यभर ज्या मापांवर त्यांनी दुकानदारांची तोंडं बंद केली, ती मापं आता त्यांच्या तोंडावर हसत होती. पांढऱ्या दोऱ्याचा घालून पाहिला. तोही त्याच जागी, तिसऱ्या घराशी, थांबला. दुपार झाली, चार वाजले.

दौलतसिंहांनी हात पुसले. ते शर्यतीत दरीच्या कडेनं शांत बसलेले गृहस्थ, पण आता त्यांचा आवाज खाली आला होता. “साहब, हाथ को ऐसा लगता है जैसे अंदर पहले से कोई शाफ्ट बैठा है. और घूम रहा है.”

गोपाळरावांनी टॉर्च लावून आत पाहिलं. आत काही नव्हतं. तेलाचा ओला अंधार, आणि चार रिकामी घरं. त्यांनी बोट घातलं. लोखंड कोमट होतं. गाडी वर्षभर चालू झालेली नव्हती.

“आज रहने दीजिए,” दौलतसिंह म्हणाले. “मैं शटर गिरा के घर जा रहा हूँ. आप भाभीजी को समझा देना.”

त्यांनी खरोखरच शटर ओढलं, कुलूप लावलं आणि मोटारसायकलवर बसून गेले. गोपाळराव दोन्ही दांड्यांची पिशवी खांद्याला लावून रिक्षात बसले. महाराज बाड्याच्या चौकात रिक्षा अर्धा तास अडकली. सगळीकडे नटूनथटून भावाकडे निघालेल्या बायका, मिठाईचे खोके, स्कूटरवर तिघं-तिघं. गोपाळराव मनात वाक्यं जुळवत होते. झडप, उठाव, अंश, यातला एकही शब्द शरयूताईंच्या उपयोगाचा नव्हता. त्यांना एवढंच सांगायचं होतं की मला जमलं नाही, आणि तेवढंच मराठीत सांगता येईना. आता ताट माळ्यावर जाणार आणि ते आपल्यामुळे, या विचारानं त्यांना रिक्षात बसल्या बसल्या रडू येईलसं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी ते उतरले तेव्हा दिवस मावळला होता. छपरांच्या वर पश्चिमेला द्वितीयेची कोर दिसत होती, नखाएवढी. गल्लीत पेट्रोलचा वास होता. शरयूताई फाटकापाशी उभ्या होत्या, नेसलेली पैठणी, हातात ताट. निरांजनातली वात जळून अर्धी झाली होती. ताटातल्या अक्षता विस्कटलेल्या होत्या.

“आलात?” त्या म्हणाल्या. “पण दौलतसिंहांना एवढी घाई कसली होती? चहालासुद्धा थांबले नाहीत. काच खाली करेनात, मग मी काचेवरनंच ओवाळलं. काच नुसती धुकटलेली, चेहरा धड दिसला नाही. इंजिन चालूच ठेवलं होतं त्यांनी. अहो, अगदी तोच आवाज. तो ‘हं’सुद्धा.”

गोपाळरावांनी मंदाताईंकडे पाहिलं. त्या आपल्या फाटकाशी, स्वतःच टांगलेल्या लिंबू-मिरचीखाली उभ्या होत्या. इतके दिवस टेबलावरच्या लोखंडाला घाबरलेल्या मंदाताई आता हसतमुख होत्या. “बहुत अच्छं केलंत भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पूरी गल्लीनं ऐकला. मी उगाच काय-काय सोचत बसले होते.”

दिग्विजयसिंहांनी त्यांच्या ओट्यावरून अंगठा उंचावून दाखवला. आज कोणालाही कसली शंका नव्हती.

शरयूताईंनी ताट एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. वर्षभरात त्या पहिल्यांदाच रडत होत्या, आणि चेहरा मात्र उजळलेला होता. “मला एकच सांगा,” त्या म्हणाल्या. “शेवटी कुठला बसवलात? घरचा की बाहेरचा?”

गोपाळरावांच्या खांद्यावर पिशवी होती. तिचा बंद खांद्यात रुतत होता, कारण आत दोन्ही दांडे होते. एकतीस वर्षांत त्यांनी एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. त्यांनी गल्लीच्या वळणाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“बाहेरचा,” ते म्हणाले.

शरयूताई हसल्या. “मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या, आणि ताट घेऊन आत गेल्या.